भिंतीवरची बुरशी: आधी पाणी शोधा, मग फडकं उचला

जुलैचा तिसरा आठवडा होता. आईला रात्री दोनच्या सुमारास खोकल्याची उबळ यायची, उठून बसावं लागायचं, आणि सकाळी दहापर्यंत ती पुन्हा ठणठणीत. आम्ही पावसाला दोष दिला, गार पाण्याला दिला, अडुळशाचा काढा करून झाला. मग एके दिवशी तिच्या कानातली कुडी कपाटामागे गेली म्हणून मी आणि भावानं कपाट पुढे ओढलं. कपाटाची प्लायवूडची पाठ खालपासून कमरेइतक्या उंचीपर्यंत राखाडी-हिरव्या लवेनं भरली होती. बोट लावलं तर पिठासारखी पूड उडाली. मागच्या भिंतीचा रंग फुगून पोपडे सुटले होते, आणि त्या भिंतीपासून आईची उशी जेमतेम दीड हातावर होती.

आम्ही ब्लीच आणलं, भिंत घासली, पंखा लावला, कपाट परत जागेवर ढकललं. पंधरा दिवसांत लव परत. तिसऱ्यांदा घासताना लक्षात आलं की आपण भिंत पुसतोय, पण तिला पाणी कुठून मिळतंय ते पाहतच नाही आहोत. त्यानंतर दोन पावसाळे हेच शोधण्यात गेले. त्यातून जे हाती लागलं ते इथे क्रमानं मांडतो. मुंबई, ठाणे, कोकण, गोवा इथल्या घरांना ते जास्त लागू पडेल, कारण चार महिने दमट हवेत राहणं आपल्या वाट्याला आलंय.

बुरशीला काय लागतं

बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात. खिडकीतून, चपलांवरून, भाजीच्या पिशवीतून ते रोज घरात येतात. त्यांना घराबाहेर ठेवणं शक्य नाही. खायला त्यांना धूळ, कागद, प्लाय, कातडं, गादीचा कापूस, रंगाचा थर, काहीही चालतं. आपल्याला सोसतं ते तापमान त्यांनाही सोसतं. उरलं पाणी, आणि आपल्या हातात असलेली गोष्ट तेवढीच. एखादी वस्तू भिजली आणि २४ ते ४८ तासांत सुकली नाही, तर बुरशी धरायला सुरुवात होते. म्हणून भिजलेली गादी, पायपुसणं, सोफा, पुस्तकं दोन दिवसांच्या आत खडखडीत वाळलीच पाहिजेत.

पाणी म्हणजे फक्त गळती नव्हे. हवेतली वाफसुद्धा पुरते. ३० अंशांच्या हवेत घनमीटरला साधारण ३० ग्रॅम वाफ मावते, २० अंशांच्या हवेत १७ ग्रॅमच. हवा थंड झाली की जास्तीची वाफ जवळच्या थंड पृष्ठभागावर पाणी होऊन बसते. फ्रीजमधून काढलेल्या बाटलीला घाम फुटतो तोच हा प्रकार. कपाटामागची भिंत, खोलीचा बाहेरचा कोपरा, बीमखालची पट्टी या जागा खोलीपेक्षा जरा गार असतात आणि तिथे हवा खेळत नाही. बुरशी तिथूनच सुरू होते.

पाणी कुठून येतंय ते ठरवा

हे काम सर्वात महत्त्वाचं आणि सर्वात कमी केलं जाणारं. रंगारी येतो, "वॉटरप्रूफ प्रायमर मारतो साहेब" म्हणतो आणि पैसे घेऊन जातो. पाणी बाहेरून येत असेल तर आतून मारलेला कुठलाही थर ते थांबवत नाही. एक-दोन पावसाळ्यांत फुगे येऊन तो सुटतो.

सुरुवात पेन्सिलीनं करा. ओलीच्या डागाची कड भिंतीवर आखून बाजूला तारीख लिहा. आठ दिवसांनी पुन्हा आखा. मोबाइलवर दरवेळी त्याच जागेवरून फोटो घ्या. ही रेषा आणि हे फोटो पुढे सोसायटीत किंवा बिल्डरपुढे फार कामाला येतात.

आता डागाचं वागणं बघा. मोठा पाऊस झाल्यावर एक-दोन दिवसांनी डाग वाढत असेल आणि उघडीप मिळाली की थोडा फिकट होत असेल, तर पाणी बाहेरच्या भिंतीतून झिरपतंय. आपला पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतींना जास्त मार बसतो. बाहेरून बघताना चार जागा सोडू नका: खिडकीच्या चौकटीभोवतीचा सांधा, छज्जा भिंतीला मिळतो तिथली फट, बीम आणि विटांच्या बांधकामामधली आडवी भेग, आणि एसीच्या किंवा केबलच्या पाइपसाठी पाडलेलं भोक. हे शेवटचं भोक सहसा कुणी नीट बुजवत नाही.

मार्च-एप्रिलमध्येही ओल तशीच राहत असेल तर तिचा पावसाशी संबंध नाही. मग नळ, ड्रेनेज किंवा बाथरूम बघायचं. रात्री सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवा. सकाळी कुणी पाणी वापरण्याआधी तो वाढलेला दिसला तर दाबाची लाइन, म्हणजे नळांना पाणी आणणारा पाइप, कुठेतरी फुटलेली आहे. बाथरूमच्या फरशीसाठी नहाणी ट्रॅपला बोळा घालून दोन बोटं पाणी २४ तास साचवून ठेवा, त्यात खाण्याचा रंग टाका, आणि खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना छतावर नजर ठेवायला सांगा. गच्चीची चाचणीही अशीच, पाणी भरून ठेवून करतात.

तळमजल्यावर किंवा जुन्या घरात ओल जमिनीपासून गुडघ्या-कमरेपर्यंतच चढलेली असेल आणि वरच्या कडेला पांढरे क्षार फुललेले असतील, तर पाणी जमिनीतून वर चढतंय. जोत्याला ओल अडवणारा थर नसला किंवा तो फुटला की असं होतं. इथे पांढरं म्हणजे बुरशीच असं समजू नका. थोडं पाणी शिंपडून बघा. क्षार विरघळतात, बुरशी विरघळत नाही. काळ्या डागाची शंका असेल तर ब्लीचचा एक थेंब ठेवा. मिनिट-दोन मिनिटांत डाग फिकटला तर बुरशी, तसाच राहिला तर मळ किंवा काजळी.

चौथा प्रकार घरातल्याच वाफेचा. इथे अॅल्युमिनियम फॉइलची चाचणी कामी येते. भिंतीचा पृष्ठभाग पुसून कोरडा करा, फूटभर चौरस फॉइल चारी कडा चिकटपट्टीनं घट्ट बंद करून लावा आणि दोन दिवस हात लावू नका. काढल्यावर फॉइलच्या भिंतीकडच्या बाजूला पाणी दिसलं तर ओल भिंतीच्या आतून येतेय. खोलीकडच्या बाजूला पाणी दिसलं तर हवेतली वाफ बसतेय. आमच्या घरी फॉइल सोलताना मागून थेंब ओघळून स्कर्टिंगवर आले. दुसऱ्या दिवशी समोरच्या इमारतीच्या जिन्यातून बघितलं, तर आईच्या खोलीच्या छज्जाखाली सरळ आडवी भेग होती, तिच्यात शेवाळं वाढलेलं.

एसीच्या घरांत एक वेगळा प्रकार दिसतो. पावसाळ्यात आपल्याकडच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला वाफेचं पाणी व्हायला लागतं तो आकडा, २४-२५ अंशांच्या आसपास असतो. बेडरूम १८ अंशांवर ठेवली की मधली भिंत थंड होते, आणि पलीकडच्या खोलीत, जिथे एसी नाही, त्या भिंतीला घाम येतो. तिथे कपाट असेल तर कपाटामागे बुरशी धरते आणि कारण वर्षानुवर्षं सापडत नाही. एसी २५-२६ वर ठेवला, दार बंद ठेवलं, कपाट चार बोटं पुढे घेतलं, की हा त्रास पुष्कळ कमी होतो.

हवा मोजा

हवेतली आर्द्रता टक्क्यांत दाखवणारा डिजिटल हायग्रोमीटर काही शे रुपयांत मिळतो. घेतल्यावर तो खरं बोलतोय का हे मिठानं तपासता येतं. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, चिखलासारखं ओलं होईल इतकंच पाणी घाला, झाकण आणि मीटर एका घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत किंवा डब्यात ठेवा. सहा-आठ तासांनी आकडा ७५ च्या आसपास आला पाहिजे. ८० दाखवत असेल तर पुढे दरवेळी त्यातून पाच वजा करायचे.

पुस्तकी आदर्श ६० टक्क्यांच्या खाली, शक्यतो ३० ते ५० मध्ये. जुलैत मुंबईत किंवा रत्नागिरीत यंत्राशिवाय ते जमत नाही, हे मान्य करून पुढे जाऊ. माझा अनुभव असा की आकडा ७० च्या खाली ठेवता आला तरी कपाटं आणि पुस्तकं वाचतात. आठवडेच्या आठवडे तो ८० च्या वर राहिला की वाचत नाहीत. मीटर हॉलच्या मध्यात ठेवण्यात अर्थ नाही. झोपण्याच्या खोलीत, बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्यात, कपाटाशेजारी ठेवा.

"खिडक्या उघड्या ठेवा" हा सल्ला पावसाळ्यात सरसकट चालत नाही. धो धो पाऊस असताना बाहेरची हवा वाफेनं भरलेली असते, तेव्हा खिडकी उघडून आपण ओलावा आत बोलावतो. उघडीप आली, ऊन पडलं, की समोरासमोरच्या खिडक्या तासभर सताड उघडा. मात्र स्वयंपाकघर आणि बाथरूमचा एक्झॉस्ट पावसातही चालू हवा, कारण तिथली वाफ बाहेरच्या हवेपेक्षा जास्त दाट असते. आंघोळीनंतर वीस मिनिटं पंखा चालू ठेवा, दार बंद.

घरात कपडे वाळवणं हा आपला मोठा प्रश्न. मशीनमधून पिळून काढलेल्या एका खेपेतूनही दीड-दोन लिटर पाणी हवेत जातं. झोपायच्या खोलीत दोरी बांधू नका. बाल्कनी नसेल तर एकच खोली ठरवा, दार लावून घ्या, पंखा आणि एक्झॉस्ट चालू ठेवा, आणि मशीनमध्ये जास्तीचा एक स्पिन द्या.

डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला ओलावा खेचणारं यंत्र, घ्यायचा विचार असेल तर आजारी माणसाच्या किंवा लहान मुलाच्या खोलीपुरता घ्या आणि चालवताना खिडक्या बंद ठेवा. खोली थोडी गरम होते. एसी असेल तर ड्राय मोड बऱ्यापैकी काम करतो. कपाटात टांगायच्या, ओलावा शोषणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडच्या पिशव्या बंद कपाटातच उपयोगी आहेत, आणि त्यात जमलेलं पाणी कातडं व धातू खराब करतं, म्हणून मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. एअर प्युरिफायर बीजाणू पकडतो, ओलावा घालवत नाही. ओझोन सोडणारं यंत्र तर घेऊच नका, ओझोन फुप्फुसाला त्रासदायक आहे. आणि हवा शुद्ध करायला म्हणून घरात कुंड्या भरू नका. त्यांची माती पावसाळ्यात बुरशीचं आणखी एक घर होते.

पुसायचं कसं

तीन फूट बाय तीन फूट, म्हणजे साधारण १० चौरस फुटांपर्यंतची बुरशी घरी काढता येते. त्याहून मोठी, किंवा पीओपीच्या फॉल्स सीलिंगच्या आत पसरलेली असेल, तर माणूस बोलवा. दमा असलेल्यांनी, मधुमेह ताब्यात नसलेल्यांनी, केमोथेरपी किंवा अवयव प्रत्यारोपणाची औषधं चालू असलेल्यांनी हे काम करू नये आणि काम चालू असताना त्या खोलीत थांबूही नये.

एन-९५ मास्क, रबरी हातमोजे, डोळ्यांना बंद चष्मा. साधा सर्जिकल मास्क बाजूनं हवा घेतो, तो पुरत नाही. खोलीचं दार बंद करा, खिडकी उघडा, छताचा पंखा बंद ठेवा. बुरशी कोरडी कधीच झाडू नका, ब्रश मारू नका, नेहमीचा व्हॅक्यूम लावू नका. आधी स्प्रेनं साबणाचं पाणी मारून ती ओली करा, मग फडक्यानं कडेकडून मध्याकडे पुसा. फडकं बादलीत पुन्हा पुन्हा बुडवण्यापेक्षा जुने सुती कपडे फाडून घ्या आणि वापरला तुकडा सरळ पिशवीत टाका. शेवटी स्वच्छ पाण्यानं पुसून टेबलफॅन खिडकीच्या दिशेनं लावून भिंत वाळवा. पिशवी खोलीतच गाठ मारून बंद करा आणि मग घरातून बाहेर न्या.

कपडे धुण्याची पावडर आणि पाणी एवढं बहुतेक वेळा पुरतं. ब्लीच टाइल्स आणि त्यांच्या फटींसाठी ठीक आहे: एका भागाला सोळा भाग पाणी, त्याहून तीव्र नको. प्लास्टर, लाकूड, प्लाय यांत ब्लीच वरवरचा रंग घालवतं, आतले तंतू राहतात. आणि हे मोठ्या अक्षरांत लिहावं असं वाटतं: ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर मिसळू नका. आपल्याकडच्या बहुतेक टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, आणि दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. छोट्याशा बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. अमोनियाच्या क्लीनरबरोबरही ब्लीच नको. व्हिनेगर वापरायचं तर कडप्पा, कोटा, शहाबादी आणि संगमरवर सोडून. हे सगळे चुन्याचे दगड आहेत, आम्लानं त्यांची चकाकी जाते.

पोपडे सुटलेला रंग ओला करूनच खरवडा. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असण्याची शक्यता असते आणि त्याची धूळ मुलांना फार वाईट. बुरशीवर थेट रंग मारू नका, तो रंग तिचं खाद्य होतो.

आमच्या कपाटाची पाठ आम्ही फेकली. प्लाय, एमडीएफ, पुठ्ठा यांत बुरशी आत शिरलेली असेल तर ती निघत नाही. फोमची गादीही तशीच. स्टीलचं कपाट, काच, सागवान पुसून वापरता येतं. पुस्तकं उघडीप मिळेल तेव्हा बाहेर नेऊन मऊ ब्रशनं झाडा, मास्क लावून, आणि परत ठेवताना दाबून भरू नका. रेशमी साड्या प्लास्टिकमधून काढून मलमलीत गुंडाळा. डांबरगोळ्या बुरशी थांबवत नाहीत. त्या किड्यांसाठी असतात, आणि जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या तान्ह्या बाळाला त्यांच्या वासानं रक्तपेशी फुटण्याचा धोका असतो. बाळाच्या दुपट्यांत त्या कधीच ठेवू नका.

तब्येतीला काय होतं

बहुतेक बीजाणू २ ते १० मायक्रॉनचे असतात. मोठे नाकात अडकतात, शिंका, चोंदलेलं नाक, डोळ्यांची खाज यांवर भागतं. बारीक खाली श्वासनलिकांत उतरतात आणि दम्याच्या माणसाला छातीत घरघर, धाप, रात्रीचा खोकला सुरू होतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्ये ओल आणि बुरशीवर स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात ओलीच्या घरांचा श्वसनविकारांशी आणि दम्याशी संबंध स्पष्ट नोंदवलाय.

स्वतःची तपासणी सोपी आहे. दोन आठवडे वहीत लिहा: त्रास कधी झाला, कुठल्या खोलीत झाला, गावी किंवा ऑफिसला गेल्यावर कमी झाला का. घराबाहेर बरं आणि घरात आलं की पुन्हा सुरू, असं दिसलं तर ती वही डॉक्टरांसमोर ठेवा. आईच्या बाबतीत मावशीकडच्या चार रात्री शांत झोपेच्या गेल्या आणि सगळं चित्र समोर आलं.

तरीही खोकल्याचं खापर भिंतीवर फोडून गप्प बसू नका. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर आपल्या देशात थुंकीची क्षयरोग तपासणी करायलाच हवी, सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. उलट बाजूही आहे. दम्याच्या काही रुग्णांना अॅस्परजिलस या बुरशीची फुप्फुसात तीव्र अॅलर्जी होते, डॉक्टर तिला एबीपीए म्हणतात. खोकल्यातून तपकिरी घट्ट तुकडे पडतात, एक्स-रेवर सावल्या दिसतात, आणि आपल्याकडे अनेकांना त्यासाठी चुकून टीबीची औषधं दिली गेली आहेत. टीबीची थुंकी निगेटिव्ह, औषधं घेऊनही फरक नाही आणि मूळचा दमा आहे, तर छातीच्या तज्ज्ञांना रक्तातल्या आयजीईच्या (अॅलर्जीत वाढणाऱ्या प्रतिपिंडाच्या) तपासणीबद्दल विचारा.

तिसरा आजार हळू येतो: हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. बुरशीचे किंवा पक्ष्यांचे बारीक कण श्वासात जात राहिले की काहींच्या फुप्फुसाची जाळी, म्हणजे हवेच्या पिशव्यांभोवतीचा नाजूक भाग, सुजते आणि उपचार न झाल्यास कायमची घट्ट होते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातल्या २७ केंद्रांच्या नोंदणीत फुप्फुसाच्या जाळीच्या आजारांचे १,०८४ रुग्ण होते, त्यांतले ४७ टक्के या आजाराचे, आणि त्यांतल्या जवळपास निम्म्यांच्या घरी एअर कूलर होता. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांनी हे वाचून कूलरकडे बघावं. गवत दर उन्हाळ्याला नवीन घाला, टाकीतलं पाणी दर दोन-तीन दिवसांनी पूर्ण काढा, आठवड्यातून एकदा टाकी घासून उन्हात सुकवा, आणि हंगाम संपल्यावर ओलं गवत आत ठेवून कूलर झाकू नका. मुंबई-पुण्यात याच आजाराचं दुसरं कारण कबुतरांची विष्ठा आणि पिसं. एसीच्या बाहेरच्या युनिटमागे घरटं असेल तर तेही, मास्क लावून आणि ओलं करून, काढायला हवं.

२०२१ मध्ये ‘ब्लॅक फंगस’नं महाराष्ट्रात घबराट उडाली तेव्हा लोक भिंतीवरचे काळे डाग बघून घाबरत होते. त्या आजाराची, म्हणजे म्युकरमायकोसिसची बुरशी वेगळी, भिंतीवरची काळी बुरशी वेगळी. तो आजार मुख्यतः स्टिरॉइड घेतलेल्या आणि साखर वाढलेल्या रुग्णांना झाला, आणि त्यातला काळा रंग मेलेल्या ऊतींचा. रंगावरून बुरशी किती विषारी ते ठरत नाही. हिरवी असो, काळी असो, काढायची. म्हणून बुरशीची जात ओळखायला प्रयोगशाळेला पैसे देऊ नका, त्यातून उपाय बदलत नाही.

धाप वाढत चालली, ओठ निळे दिसले, वाक्य पूर्ण बोलता येईना, खोकल्यातून रक्त आलं, ताप उतरेना किंवा वजन घटू लागलं, तर थांबू नका, दवाखाना गाठा. इन्हेलर पावसाळ्यात स्वतःहून बंद करू नका.

घरातली हवा आपण आणखी एका गोष्टीनं बिघडवतो. मच्छर कॉइल. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एक कॉइल पूर्ण जळल्यावर निघालेले सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले होते. बुरशीमुळे आधीच चिडलेल्या श्वासनलिकेला हा धूर वर. मच्छरदाणी लावा. उदबत्ती-धूप देवापुढे हवाच असेल तर थोडा वेळ, खिडकी उघडून. फोडणीच्या वेळी चिमणी चालवा, पण तिचा पाइप खरोखर घराबाहेर जातो का ते बघा. हवा गाळून परत आतच सोडणारी चिमणी वाफ काढत नाही.

दुरुस्तीचा खर्च कुणाचा

महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्ची, पावसाच्या पाण्याची गळती, सामाईक पाइप आणि ड्रेनेज यांची दुरुस्ती संस्थेनं संस्थेच्या खर्चानं करायची असते. फ्लॅटच्या आतली दुरुस्ती सभासदाची. त्याच उपविधींत १५ ते ३० वर्षं जुन्या इमारतीचं दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुनीचं दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, सांगितलंय. तोंडी सांगून काही होत नाही. तारखा लिहिलेले फोटो जोडून अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. नवीन इमारत असेल तर रेरा कायद्याप्रमाणे ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत दाखवून दिलेला बांधकामाचा दोष बिल्डरनं ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. नाही केला तर महारेराकडे तक्रार करता येते. भाड्यानं राहत असाल तर घरमालकाला पहिल्याच आठवड्यात फोटो पाठवा, म्हणजे सोडताना डागांचे पैसे डिपॉझिटमधून कापले जाणार नाहीत.

लंडन-मँचेस्टरला राहणाऱ्या नातेवाइकांना हा लेख पाठवणार असाल तर एवढं सांगा की तिथलं गणित उलटं आहे. हिवाळ्यात बाहेरची हवा कोरडी असते, त्यामुळे थंडीतही रोज दोनदा पाच-दहा मिनिटं खिडक्या उघडाव्याच लागतात, आणि रेडिएटरवर कपडे वाळवणं महागात पडतं. मँचेस्टरजवळच्या रॉचडेलमध्ये २०२० साली अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा घरातल्या बुरशीमुळे गेला, असा निष्कर्ष तिथल्या न्यायालयीन चौकशीनं २०२२ मध्ये काढला. त्याच्या नावानं झालेल्या कायद्यामुळे सामाजिक घरांच्या, म्हणजे कमी भाड्यानं दिल्या जाणाऱ्या घरांच्या, मालक संस्थांवर आता ठरावीक मुदतीत दुरुस्ती करणं बंधनकारक आहे.

ऑक्टोबर उजाडल्यावर

पावसाळ्यात फक्त पुसायचं, वाळवायचं आणि खुणा करायच्या. खरी दुरुस्ती पाऊस संपल्यावर, बाहेरच्या बाजूनं. भेग नुसती वरून लेपून चालत नाही. ती इंग्रजी व्ही आकारात खोदून, धुऊन, पॉलिमर मिसळलेल्या मसाल्यानं भरावी लागते, छज्जाच्या वर पाणी भिंतीकडे न येता बाहेर जाईल असा उतार द्यावा लागतो, आणि खालच्या कडेला पाणी तुटून पडेल अशी खाच ठेवावी लागते. जुनी लोकं याच कामासाठी पागोळ्या भिंतीपासून लांब टाकायची.

आतलं ओलं प्लास्टर पोकळ वाजत असेल तेवढं काढून टाका आणि भिंत उघडी ठेवा. ऑक्टोबर-नोव्हेंबरचं कडक ऊन, उघड्या खिडक्या, पंखा. घाई करू नका, विटा सुकायला काही आठवडे लागतात. नंतर चुन्याचं किंवा हवा जाऊ देणारं प्लास्टर घ्या. चुना तीव्र अल्कली असल्यानं त्यावर बुरशी सहज धरत नाही, म्हणून कोकणातल्या चिऱ्याच्या घरांत दर वर्षी चुना लावायची पद्धत होती. अशा जुन्या भिंतीवर प्लास्टिक इमल्शन मारलं की आतलं पाणी कोंडून राहतं आणि चार महिन्यांत फुगे येतात.

रंग लावण्याआधी फॉइलची चाचणी पुन्हा करा. दोन दिवसांनी मागची बाजू कोरडी निघाली तरच रंगाऱ्याला बोलवा. आमची भिंत पहिल्या वेळी ओलीच निघाली. छज्जाच्या वरच्या कडेला केसाएवढी एक भेग राहून गेली होती, ती भरून आणखी पाच आठवडे वाट पाहिली. डिसेंबरच्या शेवटी फॉइल कोरडी निघाली. आईचं कपाट आता भिंतीपासून एक वीत पुढे उभं आहे, मागून हात घालून भिंत चाचपता यावी म्हणून, आणि जून लागला की आई स्वतःच रोज सकाळी हात घालून बघते.